झाकण कोणी उघडलं?

मराठी घरात रात्रीचा भात उरला तर त्याला फार तर सकाळपर्यंत मुदत मिळते. उजाडलं की मोहरी तडतडते, हिंग-हळद पडते, कांदा-मिरची-शेंगदाणे येतात, आणि आठच्या आत त्याचा फोडणीचा भात होऊन तो डब्यातून ऑफिसला निघतो. तिकडे ओडिशात आणि छत्तीसगडात हाच उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवतात आणि खुशाल झोपी जातात. सकाळपर्यंत तो आपला आपण आंबटसर होतो. वर मीठ, कांदा, हिरवी मिरची. झाली न्याहारी. ओडिया मंडळी त्याला पखाळ म्हणतात आणि दरवर्षी 20 मार्चला त्याचा दिवस साजरा करतात. छत्तीसगडात तीच बोरे-बासी. तिथल्या सरकारने 2022 साली 1 मेला, कामगार दिनी, सगळ्यांना बासी खाण्याचं आवाहन केलं, तेव्हा मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळे वाडग्यासकट फोटोत दिसले. त्या सीमेला लागून असलेल्या आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडच्या लोकांना यात नवल वाटायचं नाही.

आमच्याकडे मात्र हे जमायचं नाही. भाताला आमची हरकत नाही, आंबटालाही नाही. पण रात्रभर एखादी वस्तू समोर आहे आणि तिला काहीही करायचं नाही, हे आमच्या हाताला सोसत नाही. ढवळायचं नाही, परतायचं नाही, चव बघायची नाही, तर मग स्वयंपाकघरात जायचं कशाला?

आणि नेमक्या अशा लोकांच्या दिवाळीत कुणीतरी अनारसे घालून ठेवले आहेत.

अनारशाची कृती पोस्टकार्डावर मावेल एवढी आहे. तांदूळ धुऊन तीन दिवस पाण्यात ठेवायचे, पाणी रोज बदलायचं. मग उपसून, कापडावर सावलीत पसरून, दमट असतानाच कुटायचे आणि बारीक चाळणीने चाळायचे. पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून घट्ट गोळा करायचा आणि तो डब्यात चार-पाच दिवस मुरत ठेवायचा. शेवटी खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात तळायचा, उलटायचा नाही. यातलं हाताचं काम फार तर एका दुपारचं. बाकीचा आठवडा नुसतं बसायचं. चकलीला सोऱ्या दाबायला दंड लागतो, बेसन भाजायला खांदा लागतो, करंज्यांना माणसं लागतात. अनारशाला लागतो संयम, आणि तो आमच्या घरात कुणाच्याच माहेरून आलेला नाही.

पहिला दिवस बरा जातो. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात असतं, वर ताटली असते, आणि सगळे चिवड्याच्या पोह्यांबद्दल भांडत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, चहाला म्हणून आत येतात आणि ताटली उचलतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक झाकलेल्या वस्तूची तपासणी त्यांनी आपल्याकडे घेतली आहे.

‘फेस आलाय,’ ते जाहीर करतात.

‘येणारच,’ आई.

‘वासही येतोय.’

‘येऊ दे.’

‘मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी एवढा नव्हता.’

‘मागच्या वेळी तुम्ही एवढं नाक घातलं नव्हतं.’

अण्णा ताटली ठेवतात, पण थोडी तिरकी ठेवतात, हवा खेळती राहावी म्हणून. मग माझी बायको येते आणि ताटली सरळ करता करता आत डोकावते. मुलगी शाळेतून येते, फेस बघते आणि मैत्रिणीला दाखवायला फोटो काढते. कामाच्या मावशी भांडी घासता घासता रोज एकदा विचारतात, ‘ताई, ते तांदूळ गेलेत, टाकू का?’ हा प्रश्न गमतीत घेऊ नये. अनारशांच्या इतिहासात हसून फुटलेल्या अनारशांपेक्षा सद्हेतूने मोरीत ओतलेले तांदूळ जास्त असावेत अशी मला दाट शंका आहे. शेजारच्या काकू विरजण मागायला येतात, दारातच थबकतात आणि ‘अनारसे वाटतं?’ असं विचारून ओट्यापर्यंत येऊन खात्री करून घेतात. आणि रात्री वाईहून आत्याचा फोन येतो. आत्या अण्णांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या घरात, आणि आमच्या खानदानातल्या सगळ्या अनारशांचं अपील तिच्याकडे चालतं.

‘बाळ्या, पातेल्याचं झाकण उघडू नकोस.’

‘कोण उघडतंय?’ पंचाहत्तर वर्षांचा बाळ्या ताटली हातात धरून म्हणतो.

खरं म्हणजे त्या पातेल्यात बघण्याजोगं असतंच. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं. पातेल्याच्या कडेकडेने बारीक बुडबुडे वर चढतात, मधूनच एखादा दाणा उचलून पुन्हा खाली सोडतात. तिसऱ्या दिवशी एक दाणा अंगठा आणि बोट यांत धरून दाबला तर तो कटकन तुटत नाही, त्याचा ओला खडू होतो. वास ताकाचा नव्हे आणि दह्याचाही नव्हे. थोडा आंबट, थोडा ओल्या गोणपाटाचा, आणि त्यामागून येणारा काहीतरी गोड. दाण्यांवर मुळातच बसलेले सूक्ष्मजीव पाणी मिळताच कामाला लागलेले असतात. काही जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्याला आंबट करणारं तेच आम्ल. यीस्ट वायू सोडतं, तोच तो अण्णांचा फेस. पाणी आंबट झालं की नासवणाऱ्या जीवाणूंचं तिथे फारसं चालत नाही. भिजून दाणा आतून ढिला पडतो आणि पुढे त्याचं इतकं मऊ पीठ निघतं की कोरड्या तांदळाला ते सात जन्मांत जमणार नाही. रोज पाणी बदलायचं ते याचसाठी की या मंडळींना राहू तर द्यायचं, पण डोक्यावर बसू द्यायचं नाही.

आता, हे ‘तीन दिवस’ नक्की कुठले हे कुणी सांगत नाही. नागपूरच्या मे महिन्यातले की महाबळेश्वरच्या डिसेंबरातले? नागपूरच्या उन्हाळ्यात तांदूळ दुसऱ्याच दिवशी असा आवाज देतात की घरच्यांनी उठून पाणी बदलावं. महाबळेश्वरच्या थंडीत तेच तांदूळ तिसऱ्या दिवशीही सकाळी भिजत घातल्याच्या थाटात बसलेले असतात. अमेरिकेत थंड गावी राहणारी आमची एक भाची पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा चालू ठेवते. दिव्याच्या उबेने काम होतं. तिच्या घरी ओव्हनवर मराठीत चिठ्ठी चिकटवलेली असते, ‘तांदूळ आहेत, तापवू नये’. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली आपल्या स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप दिलं आणि कितीतरी नव्या संसारांची अब्रू राखली. पण वासाला वाटी नाही. ‘योग्य वास’ हा ज्याच्या-त्याच्या आत्याचा असतो.

चौथ्या दिवशी तांदूळ उपसतात आणि घरातल्या जुन्या पंच्यावर पसरतात. इथे न्यायालयाचं दुसरं सत्र सुरू होतं. तांदूळ पूर्ण वाळले तर पीठ कोरडं होतं आणि गुळाला धरत नाही. ओले राहिले तर गूळ घातल्यावर गोळ्याची खीर होते. हवेत ते ‘हाताला दमट’. आई मूठ भरून दाबते आणि म्हणते झाले. बायको मूठ भरते आणि म्हणते अजून पाच मिनिटं. अण्णा मूठ भरतात आणि पंखा लावतात. आई पंखा बंद करते, कारण वाऱ्याने वरचे वाळतात आणि खालचे तसेच राहतात. अण्णा म्हणतात, मग खालचे वर करा. बोलता बोलता एवढ्या मुठी भरल्या जातात की तांदळाची अर्धी ओल सगळ्यांच्या तळहातांवर गेलेली असते, आणि मग ते खरोखरच दमट होतात. कदाचित हीच मूळ पद्धत असेल.

गिरणीवाला असले तांदूळ बघून लांबूनच हात जोडतो. त्याचंही बरोबर आहे. ओलं पीठ जात्याला चिकटतं आणि मागून दळण घेऊन आलेल्या बिचाऱ्याच्या गव्हात अनारसा उतरतो. पूर्वी उखळ होतं. आता मिक्सर आहे. मिक्सर तापतो म्हणून थांबत थांबत फिरवायचा, मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं, वर राहिलेली कणी पुन्हा मिक्सरला, पुन्हा चाळणीत. पीठ बोटांत चोळलं तर हाताला लागता कामा नये. तासाभराने ओटा, मिक्सर, बायकोच्या भुवया आणि दाराशी येऊन ‘काही मदत?’ विचारणाऱ्या माझा शर्ट, सगळं एका रंगाचं होतं. गूळ किसण्याचं काम मला मिळतं. तो साधा गूळ लागतो, चिक्कीचा नाही, नाहीतर अनारसा दगड होतो, हे मला दरवर्षी सांगितलं जातं. दरवर्षी मी साधाच आणलेला असतो, आणि दरवर्षी आई पुडी हुंगून बघते.

मग गोळा डब्यात जातो आणि प्रतीक्षेचा दुसरा, अधिक कठीण अंक सुरू होतो. तांदळात फक्त वास होता. गोळ्यात चव असते. अनारशाचं कच्चं पीठ ज्यांनी कधी चिमूटभर तोंडात टाकलं नाही त्यांना हे समजणार नाही. ज्यांनी टाकलंय त्यांना समजावायची गरज नाही. ते गोड असतं, किंचित आंबट असतं, जिभेवर विरघळतं आणि पुन्हा डब्याकडे हात नेतं. गुळाने पाणी धरून ठेवल्यामुळे जीवाणूंना त्यात फारसा वाव राहत नाही, म्हणून नीट केलेला गोळा नासत नाही, चांगला महिनाभरसुद्धा राहतो. आमच्याकडे हा टिकाऊपणा कुणी आजवर तपासू शकलेलं नाही. सोमवारी काठोकाठ भरलेला डबा शुक्रवारी निम्म्यावर येतो.

‘मुरलं की बसतं पीठ,’ अण्णा म्हणतात.

‘एवढं?’ आई.

‘गूळ पाझरतो ना.’

बँकेत चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला हिशेब कसा बसवायचा हे शिकवावं लागत नाही.

आता थोडं खसखशीबद्दल, कारण ती आणायचं काम माझं आहे आणि त्यामुळे तिच्यावर बोलायचा मला हक्क आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातल्या बिया. आपल्या देशात हे पीक सरकारी परवान्याशिवाय घेता येत नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत ते होतं आणि त्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. बियांनी नशा चढत नाही, पण भाव ऐकून भोवळ येऊ शकते. ‘शंभर ग्रॅम द्या,’ असं म्हटल्यावर आमचा वाणी मान वर करून बघतो, आणि ती पुडी इतर सामानात न टाकता माझ्या हातात देतो. आखाती देशांत तर मामला याहून गंभीर. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदीत खसखस न्यायलाच बंदी आहे. सिंगापूरलाही तेच. दुबईच्या पुतण्याने एकदा दिवाळीच्या फराळाच्या यादीत अनारशांपुढे कंसात ‘खसखशीशिवाय’ असं लिहिलं, तेव्हा आत्याने तो कागद दोनदा वाचला. ‘म्हणजे टकले?’ तिने विचारलं. कस्टमचा कायदा तिला समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग तिथे नोकरी कशाला धरली?’ शेवटी तीळ लावून पाठवले. ते तिथे आवडले, पण ही बातमी आत्याला कुणी कळवलेली नाही.

तळण्याच्या दिवशी स्वयंपाकघरात जमावबंदी असते. लहान कढई, बेताचं तूप, बारीक गॅस. गोळ्यातून लिंबाएवढं पीठ काढायचं, हाताला थोडं केळं किंवा दूध लावून मळायचं, प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरून तिच्यावर बोटांनी थापायचं. खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडायचं. उलटलं तर खसखस जळते आणि तुपात उतरते, म्हणून झाऱ्याने कडेचं तूप वरून उडवत राहायचं. एका वेळी एकच. पहिला सोडला की सगळे श्वास धरतात, बंदीतून सवलत मिळालेले अण्णासुद्धा. कडा आधी थरथरतात. मग मधल्या भागात एक छिद्र पडतं, शेजारी दुसरं, आणि बघता बघता अख्खी जाळी उमटते. गूळ वितळतो, आतली वाफ वाट काढते, आणि तांदळाचं पीठ तेवढ्यात जागच्या जागी धरतं. हे तिन्ही एका वेळी झालं तर अनारसा. यातलं पीठ धरायचं राहिलं, तर अनारसा हसतो: कढईभर पसरतो, तुकडे सुटतात, तुपात नुसती गुळाची चाळण तरंगते.

‘हसला!’ बायको म्हणते.

‘कुठे? मला दाखव!’ मुलगी आतल्या खोलीतून धावत येते. दरवर्षी येते. अजून तिची आशा सुटलेली नाही.

पूर्वी अनारसे हसले की शोध सुरू व्हायचा तो पिठाचा नव्हे, माणसाचा. कुणाची दृष्ट लागली, कुणाची सावली पडली, कुणाचा विटाळ झाला. बहुतेकदा तपास नव्या सुनेपाशी येऊन थांबायचा, कारण स्वयंपाकघरात दोष ठेवायला तीच सगळ्यांत हाताशी असायची. पिठात ओल जास्त राहते, केळं जास्त पडतं, गूळ वरचढ होतो, यातलं काहीतरी एक खरं कारण असतं, आणि त्यावर उपायही साधा आहे: बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ थोडं मिसळायचं. पण पिठात पीठ मिसळण्यापेक्षा सुनेला बोलणं सोपं होतं आणि त्याला चाळणीही लागत नसे. आमच्याकडे आता दोष अण्णांवर जातो. झाकण उघडून उघडून त्यांनी हवा लावली, असं आई म्हणते. शास्त्राच्या दृष्टीने यात काहीही अर्थ नाही आणि मी ते कुठेही बोलणार नाही.

उलट बाजूची नामुष्की म्हणजे न हसणारा अनारसा. तो तुपात सोडला की तसाच राहतो, ना फुगत ना पसरत, जाळीचं नाव नाही; बाहेर काढला की ताटलीत टणकन वाजतो. याला आणखी केळं चोळायचं. केळं चोळलं की पुढचा हसतो. मग कोरडं पीठ. मग पुन्हा केळं. या वाटाघाटीत दोन-चार अनारसे खर्ची पडतात, आणि त्यांचा चुरा वाटीत घेऊन, वर गार दूध ओतून खायचा असतो. हा पदार्थ अनारशापेक्षा चांगला लागतो. घरातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, आणि म्हणून सुरुवातीला फार लवकर जाळी पडली तर आमच्याकडे थोडी निराशाही होते.

अनारसे फक्त आपलेच, असा समज ठेवून चालणाऱ्यांनी थोडं फिरून यावं. गयेला अनरसा मिळतो. गढवालात अरसा लग्नाच्या शिदोरीत जातो. आंध्रात अरिसेलु, तमिळनाडूत अधिरसम, ओडिशात अरिसा पिठा. तांदूळ भिजवायचे, दमट असताना कुटायचे, गुळात मिसळायचे, तळायचे, हा कारभार हिमालयापासून कावेरीपर्यंत चालतो. दक्षिणेत मात्र गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात, आणि आंध्रात तळलेला अरिसेलु दोन झाऱ्यांत दाबून तूप पिळून काढतात. हे मी आत्याला सांगितलं. पिळण्यावर ती काही बोलली नाही, डॉक्टरांनी तिलाही तूप कमी करायला सांगितलंय. पण पाकावर तिने मान हलवली. ‘पाक केला की झालंच की लगेच. मग वाट कशाची बघायची?’

तिच्या दृष्टीने बाजारात मिळणारं तयार पीठ हा तर गुन्हाच. दिवाळीआधी पुण्यातल्या दुकानांत अनारशाचं पीठ पाकिटातून मिळतं. घरी आणा, केळं लावा, थापा, तळा. माझ्या मते ते चांगलं असतं. नोकरी करणाऱ्या बाईने आठवडाभर पातेल्याची राखण करावी अशी अपेक्षा धरण्यापेक्षा तर फारच चांगलं. आमच्या इमारतीतल्या किती घरांत ते येतं हे कुणी बोलत नाही, पण ज्या घराच्या दारात वास न येता ताटात अनारसे येतात, त्या घराकडे शेजारच्या काकू एक नजर टाकतात.

एवढं सगळं वर्षातून एकदा भागलं असतं. पण आपलं पंचांग चांद्र आहे, वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याच्या वर्षाशी दरसाल अकराएक दिवसांचा फरक, आणि तो भरून काढायला सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो. सूर्य-चंद्राचं हे जुळवून घेण्यात जावयाचा काय संबंध हे मला आजवर उमगलेलं नाही. पण अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, ते 33 चं असतं, आणि वस्तू जाळीदार लागते. बत्तासे चालतात. म्हैसूरपाकही चालतो. आमच्या आत्याला अनारसेच चालतात.

2023 चा अधिक महिना श्रावणात आला, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. म्हणजे ऐन पावसात. आत्याची लेक आणि जावई पुण्यात, त्यामुळे आत्या आठवडाभर आधी आमच्याकडे येऊन राहिली. वाईहून एसटीने 33 अनारसे आणले असते तर जाळी तेवढी पोचली असती. तांदूळ तीन दिवसांत छान आंबले, पण पंच्यावर पसरले तर वाळायचं नावच घेईनात. हवेतच एवढी ओल होती की दमट तांदळांना वाळण्याचं काही कारण दिसेना. पंखा लावला तर वीज गेली. आईने इस्त्री काढली, वीज नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवली. शेवटी आत्याने पंचा उचलला, तांदळासकट त्याची गुंडाळी केली, दोन्ही टोकं आमच्या हातात दिली आणि पिळायला लावला.

‘वन्सं, असं करतात?’ आईने विचारलं.

‘नाही,’ आत्या म्हणाली. ‘पिळ.’

जावईबापू बासष्टचे. निवृत्त, सज्जन, आणि साखरेच्या गोळ्या सुरू असलेले. ताम्हणात निरांजन, वर क्रोशाचा रुमाल, रुमालाखाली अनारसे असं वाण समोर आलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले, ‘मामी, मी एखादाच खाईन हं.’

‘खायचे किती ते तुमचे डॉक्टर बघतील,’ आत्या म्हणाली. ‘द्यायचे किती ते मी बघते. मोजून घ्या.’

आतेबहिणीने मोजले. 34 भरले.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. असं कधी झालं नव्हतं. पहिला अनारसा हसणार हे गृहीत धरून आत्या नेहमी एकाचं पीठ जास्त घेते. या वेळी पावसाच्या, पिळलेल्या तांदळाच्या पहिल्याच अनारशाला जाळी पडली होती, आणि आनंदाच्या भरात तो ताटात गेला होता. आता दिलेल्या वाणातून परत काढायचा कसा? बहीण म्हणाली, ‘राहू दे ना, एक जास्त.’ आई म्हणाली, ‘33 म्हणजे 33.’ जावईबापू म्हणाले, ‘मी आत्ताच खाऊन टाकतो,’ तर बहिणीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी हात मागे घेतला. गुरुजींना फोन लावावा का, यावर चर्चा सुरू झाली, आणि त्यासाठी गुरुजींचा नंबर कुणाकडे आहे हे शोधायला सगळे आतल्या खोलीत गेले.

परत आलो तेव्हा अण्णा ताम्हणाशेजारी बसून रुमाल सारखा करत होते.

‘मोजताना चुकलं असेल,’ ते म्हणाले. ‘पुन्हा मोजा.’

पुन्हा मोजले. 33 भरले.

‘भरले,’ आत्या म्हणाली, आणि अण्णांच्या मिशीवरची खसखस न बघितल्याचं दाखवत तिने पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.